पुरलेला हंडा आणि हातातलं यंत्र

खोपोलीच्या एका कारखान्यात मी मापयंत्रं दुरुस्त करायचो. निवृत्तीनंतर गावोगावच्या नळपाणी योजनांचे मातीखाली हरवलेले पाइप आणि व्हॉल्व्ह शोधून द्यायला लागलो. धातू शोधणारं यंत्र घेऊन बांधावरून चालू लागलो की कोणीतरी जवळ येतं आणि आवाज खाली करून विचारतं, "काका, यानं हंडा सापडंल का?" मग घरातली गोष्ट निघते. पणजोबांनी प्लेगच्या वर्षी काहीतरी पुरलं होतं, आजीनं मरताना जात्याकडे बोट दाखवलं होतं. शेवटी गाडी तिथंच येते, खोल जाणारं मशीन कुठलं घ्यावं? वर्षांगणिक माझं उत्तर लांबत गेलं. आज ते असं आहे.

१. यंत्र किती खोल जातं, एवढंच विचारून भागत नाही. किती मोठी वस्तू, किती खोल, असं विचारावं लागतं. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत वीज फिरवतं आणि त्या विजेचं क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं. जाताना ते झपाट्यानं विरतं आणि येताना पुन्हा तितकंच विरतं. वस्तू कॉइलपासून दूर असेल तर अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टाव्या हिश्शावर येतो. हा हिशोब कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. म्हणून एकटं नाणं वीतभर खोलीवर सापडलं तरी पुष्कळ. पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा मात्र मोठ्या चौकटीच्या कॉइलला मीटर-दीड मीटरवरून कळू शकतो. जर्सी बेटावर २०१२ साली रेग मीड आणि रिचर्ड माइल्स या दोघांना सत्तर हजारांच्या आसपास जुन्या नाण्यांचा साठा सापडला, तोही तीनेक फूट मातीखाली. ती नाणी गंजून एकमेकांना चिकटली होती, त्यांचा एकच प्रचंड गोळा झाला होता. एवढा मोठा धातू एका जागी होता म्हणूनच त्या खोलीवरून हाक आली. त्यातलं एकच नाणं तिथं असतं तर जगातल्या कुठल्याही यंत्राला त्याचा पत्ता लागला नसता.

२. खोली पुरणारा माणूस ठरवतो. हे मला यंत्रांनी शिकवलं नाही, जुन्या घरांनी शिकवलं. ज्याला धन लपवायचं असतं त्याला ते परत काढायचंही असतं, बहुधा रात्री, एकट्यानं, शेजाऱ्याला सुगावा लागू न देता. असा माणूस दोन पुरुष खोल खड्डा खणत बसत नाही. हातभर, फार तर कमरेइतकं खणतो, आणि तेही जिथं माती उकरलेली कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही तिथं. चुलीशेजारी, जात्याखाली, गोठ्यात गव्हाणीच्या बाजूला, माजघराच्या कोपऱ्यात. त्यामुळे जुन्या घरात मी आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारतो की पूर्वी चूल कुठं होती, गोठा कुठं होता, न्हाणी कधी हलवली. तिच्या उत्तरानं अर्धं काम होतं. वस्तू जास्त खोल गेली असेल तर ती नंतर गेलेली असते. जोतं उचलून वर मुरूम टाकला, अंगणात भराव घातला, नाहीतर डोंगरावरून माती वाहून आली. भराव किती ते कळलं तरच मोठ्या यंत्राची गरज आहे की नाही ते कळतं.

उंबरखिंडीबद्दल मला नेहमी विचारतात. २ फेब्रुवारी १६६१ रोजी चावणीजवळच्या त्या खिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं आणि सगळं सामान तिथंच टाकून जायला लावलं, हे आमच्या तालुक्यातलं पोरही सांगतं. त्यावरून लोकांना वाटतं की तिथं खजिना असणार. पण जिंकणाऱ्यानं जे ताब्यात घेतलं ते मोजून, बांधून नेलं. ते पुरायचं कारण कोणाला होतं? लढाईच्या जागी मागे राहतात त्या शिशाच्या गोळ्या, बाणांची टोकं, घोड्यांचे नाल. बारीक वस्तू, वरच्या थरात विखुरलेल्या. इतिहासाला त्या सोन्याहून मोलाच्या आहेत, कारण कुठली कुठं पडली यावरून लढाई कशी सरकली ते कळतं. कोणी एक गोळी जरी खिशात घालून नेली तरी ते पान कायमचं फाटतं.

३. हंडा कशाचा आहे, याला आत काय आहे याच्याइतकंच महत्त्व आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा उठवला होता. इतकी नाणी सुटी, कोरडी, मातीच्या मडक्यात असतील तर यंत्राला ती हजारो बारीक वस्तूंसारखी दिसतात. वजन तेवढंच, पण फिरणाऱ्या विजेला एका नाण्यातून दुसऱ्यात जायला नीट वाट मिळत नाही. तीच नाणी तांब्याच्या हंड्यात ठेवा, यंत्र आधी हंडा पकडतं. "मडकं होतं की भांडं होतं?" हे मी त्यासाठी विचारतो. बहुतेकांना ते माहीत नसतं, पण विचारल्यावर घरात त्याची चर्चा सुरू होते आणि कधीकधी जुनी आठवण वर येते.

४. आमच्या मातीला स्वतःचा आवाज आहे. कर्जत-खालापूर म्हणजे बेसॉल्टचा मुलूख. या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, दगड झिजला की ते मुरमात आणि मातीत उतरतं. माथेरानच्या पठारावरची लाल माती तर लोखंडाच्या ऑक्साइडनं भरलेली. परदेशातल्या गाळाच्या मातीत घेतलेल्या खोलीच्या आकड्यांवर इथं विसंबता येत नाही. साधं यंत्र इथं ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे मातीचा आवाज वजा करून घेतलं तरी कुरकुरतच राहतं.

सगळ्यांत जास्त चकवते ती राबाची जागा. आमच्याकडे उन्हाळ्यात खाचराच्या एका भागावर टहाळ, पातेरा, शेण, गवत असे थर लावून वर माती पसरतात आणि ते धुमसत जाळतात. पाऊस पडला की त्याच भाजलेल्या वाफ्यात भाताचं रोप टाकतात. माती अशी वर्षानुवर्षं भाजली की तिच्यातल्या लोखंडाच्या संयुगांचं रूप पालटतं आणि ती आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त चुंबकीय होते. यंत्र घेऊन खाचर ओलांडताना राबाची कड आली की आवाज चढतो, पलीकडची कड आली की उतरतो. अगदी मोठं भांडं खाली असावं तसा. जुन्या वीटभट्टीच्या आणि कोळशाच्या भट्टीच्या जागाही अशाच बोलतात. यावर माझा उपाय साधा आहे. खिशात लोहचुंबक असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. तो मातीवरून फिरवतो. साध्या मातीत पिशवीला थोडे काळे कण लागतात, राबाच्या मातीत पिशवीवर दाट काळी लव उभी राहते. चुंबक आतून काढला की ती लव खाली गळते, पिशवी पुन्हा स्वच्छ. शिवाय कॉइल थोडं वर उचलून बघतो. मातीचा आवाज सगळ्या वाफ्यावर सारखा पसरलेला असतो आणि कॉइल उचलताच बसतो. मोठ्या खोल वस्तूचा आवाज त्यामानानं सावकाश उतरतो, आणि उभं-आडवं चाललं तरी त्याचं शिखर एकाच जागी येतं.

हंगामही पाहावा लागतो. भात कापून झाल्यावर जमीन वाफशावर असते तेव्हा काम बरं होतं, ढेकळं फोडत चालावं लागत नाही आणि चिखलही नसतो. पावसाचं गोडं पाणी यंत्राला फारसं त्रास देत नाही. खरा त्रास खारटपणाचा. तेच यंत्र पेणच्या खारेपाटात नेलं की ओली जमीनच धातूसारखी ओरडायला लागते.

५. खोल शोधासाठी खरी निवड दोन-तीन प्रकारांतच आहे, आणि प्रत्येक प्रकार काहीतरी ऐकायचं सोडून देतो. दांड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या असलेलं यंत्र येतं. एक पेटी पाठवते, दुसरी ऐकते, आणि दोन्हींची कॉइलं एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून पाठवणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला सरळ पोचत नाही. खिळे, बिल्ले, बाटल्यांची झाकणं त्याला कळतच नाहीत, आणि आमच्या फार्महाउसांनी भरलेल्या जमिनीत हा केवढा दिलासा आहे! पण ते नाणंही सोडून देतं, आणि खाली तांबं आहे की लोखंड हे सांगत नाही. दुसरं पल्स इंडक्शनचं, मीटरभर लांब-रुंद चौकटीचं, दोघांनी धरून न्यायचं. ते एक झटका देतं, क्षणभर थांबतं आणि मग ऐकतं. मातीचा आवाज तेवढ्यात बराचसा विझतो, जाड धातूचा रेंगाळतो. बेसॉल्टच्या मुलखात मला हेच जास्त भरवशाचं वाटतं, जरी भाजलेली माती यालाही पुरती सोडत नाही. नुसतं लोखंड शोधणारं मॅग्नेटोमीटर इथं दगडावरच अडखळतं. जमिनीत रडार सोडणारं यंत्र धातूपेक्षा मातीचे थर कुठं तुटलेत ते दाखवतं. ते वाचायला शिकलेला माणूस लागतो, आणि ओल्या चिकणमातीत त्याची लाट लवकर मरते.

घराच्या जमिनीखाली हात-दीड हात बघायचं असेल तर चांगलं साधं यंत्र आणि त्याला मोठं कॉइल एवढं पुरतं. हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो, कारण त्यांना दोन पुरुष खोल जाणारं हवं असतं. कुठलंही घेण्याआधी मात्र आपल्याच जमिनीत आपलाच हंडा पुरून त्यावर यंत्र फिरवून बघावं. दुकानातल्या फरशीवर नाणं दाखवून दिलेलं प्रात्यक्षिक काहीच सिद्ध करत नाही. ताजी उकरलेली मातीही यंत्राला वेगळी वाटते, तेव्हा एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मग पुन्हा बघावं.

६. माणसाला आशा लागली की त्याला खोटं यंत्र विकणं सोपं असतं. पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्या टोकाला हलणारी सळई असलेलं उपकरण "पाचशे मीटरवरून सोनं ओळखतं" असं सांगून विकलं जातं. वर सांगितलेलं चौसष्टाव्या हिश्शाचं गणित लक्षात असेल तर पाचशे मीटरवरून अंगठी कळते या दाव्याचं काय करायचं ते कोणालाही समजेल. सळई फिरते ती मनगटाच्या नकळत हालचालीनं. अशाच हलत्या सळईचं एडीई ६५१ नावाचं उपकरण जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश माणसानं बॉम्ब शोधणारं म्हणून इराकला विकलं. मूळ कल्पना गोल्फचे चेंडू शोधायच्या एका खेळण्याची. बगदादच्या नाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या गेल्या आणि माणसं मेली. २०१३ साली मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे हे यंत्र येण्याआधीपासून पायाळू माणूस आहे, डोळ्यांत घालायचं अंजन आहे, हंड्यावर बसलेला नाग आहे, मांडूळ आहे. पायाकडून जन्मलेल्या मुलाला जमिनीतलं धन दिसतं म्हणून त्याला रात्री माळावर घेऊन जाणारी माणसं अजून आहेत. या गोष्टी ऐकताना मला भीती वाटते, कारण गुप्तधनाच्या नावाखाली या महाराष्ट्रात लेकरांचे बळी दिले गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं स्पष्टपणे आली आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. मांडूळ तर वन्यजीव कायद्यानं संरक्षित, बिचारं उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलं करणारं. कोणी यंत्राबद्दल विचारता विचारता अमावास्येचा विषय काढला की मी तिथंच उठतो, आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालतो. याबाबतीत मला संकोच वाटत नाही.

७. सरकारी यंत्राचं बोटही सोन्याकडेच असतं असं नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, डौंडियाखेड्याच्या पडक्या किल्ल्यात, पुरातत्त्व खात्यानं खणायला घेतलं, कारण तिथं हजार टन सोनं असल्याचं स्वप्न एका साधूला पडलं होतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या पाहणीत खाली काहीतरी वेगळं असल्याचं आलं होतं. निघाली खापरं, चुली, बांगड्यांचे तुकडे. यंत्र खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. खाली काहीतरी वेगळं आहे एवढंच ते सांगतं. सोनं हा शब्द ऐकणाऱ्यानं जोडलेला असतो.

८. इर्शाळवाडीनंतर या तालुक्यात मी एक नियम पाळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची वाडी मातीखाली गेली. वर रस्ता नाही, जेसीबी चढेना, माणसांनी हातांनी माती उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले. शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. त्या मातीत भांडीकुंडीही असतील, बायकांचे दागिनेही असतील. तिथं मी यंत्र नेणार नाही, आणि कोणी नेत असेल तर मी आडवा येईन.

९. मालकी आपोआप सापडणाऱ्याची होत नाही. "माझ्या शेतात सापडलं म्हणजे माझंच" असं शहाणीसुरती माणसं म्हणतात. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि ते सरकारी तिजोरीत तरी ठेवावं लागतं, नाहीतर त्याबद्दल जामीन द्यावा लागतो. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं, आणि ते बेवारस ठरलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा वर देऊन घेता येतं. म्हणजे कायद्यानं प्रामाणिक माणसाला वाऱ्यावर सोडलेलं नाही, पण गावात हे कोणी सांगतच नाही. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय कुदळ मारणं मात्र सरळ गुन्हा आहे, मग खाली तोफ असो की काही नसो.

इंग्लंडात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र यंत्र घेऊन हातोडा शोधायला गेला आणि रोमन काळातलं सोनं-चांदी सापडलं, जवळजवळ पंधरा हजार नाणी, शिवाय दागिने आणि चमचे. थोडं बाहेर काढल्यावर लॉज थांबला आणि त्यानं जाणकारांना बोलावलं. त्यामुळे बाकीचा साठा जागच्या जागी तपासता आला, आणि तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता हेही कळलं. लॉजला मोठं बक्षीस मिळालं. त्यानं ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. आपल्याकडेही दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, साठ किलोंहून जास्त वजनाचे. यंत्र नव्हतं, काही नव्हतं. ती शिल्पं भंगारात वितळली नाहीत, म्हणून आज आपण त्यांच्याकडे बघू शकतो.

१०. मला स्वतःला सगळ्यांत जास्त समाधान व्हॉल्व्ह सापडल्यावर मिळतं. डांबराचे थरावर थर पडून चेंबर गायब झालेलं असतं, जुना फिटर वारलेला असतो, नकाशा कधी काढलेलाच नसतो. खाली पाणी फुटलेलं आणि वरची वाडी कोरडी. बिडाचा व्हॉल्व्ह ही यंत्राला आवडणारी वस्तू आहे, जाड, जड, एका जागी. खुंटी मारली, फोडलं आणि चावी फिरली की टाकी भरायला लागते. खोल जाणारं मशीन घेऊ पाहणाऱ्या पोरांना मी हे काम सांगतो. तेच यंत्र, तीच कला, आणि दर ग्रामपंचायतीला त्याची गरज आहे. दोघं-तिघं या कामाला लागलेही आहेत. आणि एखाद्या घराला आपलं जोतं खरंच तपासून हवं असेल तर मी जातो, पण तीन गोष्टी आधी ठरवून. सात-बारा किंवा घराचा उतारा दाखवायचा, घरातल्या सगळ्या हिस्सेदारांसमोर काम करायचं, आणि सिग्नल आला तर मी जागा व अंदाजे खोली कागदावर लिहून देईन. खणताना धनाचं काही दिसलं तर हात थांबवायचा आणि तहसील कार्यालयात जायचं. हे मान्य असेल तर माझी फी फक्त येण्याजाण्याचा खर्च.